विपुल गाणाऱ्याला ऐकावे कसे?

विपुल निर्मितीविषयी आपल्या मनात एक अविश्वास दडलेला असतो. वर्षाला तीन कादंबऱ्या लिहिणाऱ्याचे नाव निघाले की आपण किंचित हसतो. 'गाइडेड बाय व्हॉइसेस' या अमेरिकन रॉक बँडबाबत माझेही तसेच झाले. त्यांचा 'युनिव्हर्स रूम' हा फेब्रुवारी २०२५ मध्ये निघालेला अल्बम मी एकदाच ऐकला आणि 'घाईचे काम' असा शेरा मारून मोकळा झालो. तो शेरा मागे का घ्यावा लागला, ते सांगण्यासाठी हा लेख.

मोठ्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या आश्रयावाचून वाढलेल्या रॉक संगीताला 'इंडी' म्हणतात. ओहायो राज्यातील डेटन शहरात १९८३ साली हा बँड उभा राहिला. त्याचा गायक आणि गीतकार रॉबर्ट पोलार्ड हा प्राथमिक शाळेतला शिक्षक. ती नोकरी त्याने सुमारे १४ वर्षे केली. १९९२ चा 'प्रोपेलर' हा आपला शेवटचा अल्बम, अशा समजुतीने त्यांनी त्याच्या अवघ्या ५०० प्रती काढल्या आणि प्रत्येक प्रतीचे वेष्टन हाताने तयार केले. पण शेवट झाला नाही. १९९४ च्या 'बी थाउजंड'ने बँडचे नाव झाले आणि पोलार्डने शाळा सोडली.

त्या काळची त्यांची बरीच गाणी घराच्या तळघरात, चार पट्ट्यांच्या कॅसेट यंत्रावर ध्वनिमुद्रित झालेली आहेत. साध्या कॅसेटच्या फितीवर दोन्ही बाजूंच्या मिळून चार पट्ट्या असतात. हे यंत्र त्या चारही एकाच दिशेने वापरते. त्यामुळे एकीवर गिटार, दुसरीवर ड्रम, तिसरीवर गळा असे थर चढवता येतात. फितीची खरखर मात्र सोबत येतेच.

पोलार्डचे खरे वैशिष्ट्य गाण्याच्या बांधणीत आहे. 'बी थाउजंड'मध्ये २० गाणी आहेत आणि एकूण वेळ सुमारे ३६ मिनिटे. १९९५ च्या 'एलियन लेन्स'मध्ये २८ गाणी सुमारे ४१ मिनिटांत संपतात. रॉक गाणे सहसा कडव्याकडून ध्रुवपदाकडे येते आणि ते ध्रुवपद पुन्हा पुन्हा घोळवते. पोलार्ड चाल पुरती उमलली, की पुष्कळदा तिथेच थांबतो.

'युनिव्हर्स रूम'मधल्या १७ गाण्यांत त्याने ही रीत मुद्दाम आणखी ताणली आहे. एकदा येऊन गेलेला भाग परत आणायचा नाही, निदान शक्य तितका टाळायचा. म्हणून पहिल्या ऐकण्यात हाती काही लागत नाही, कारण स्मरणाला टेकायला ध्रुवपदच नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी मात्र एखादे वळण ओळखीचे होते, मग त्याच्या पुढचे. जी पुनरावृत्ती गाण्यात नाही, ती श्रोत्याने स्वतः करायची असते. माझी चूक इथेच झाली होती. घाई त्याची नव्हती, माझी होती.

यावर एक रास्त आक्षेप आहे. २०१९, २०२० आणि २०२३ या प्रत्येक वर्षी या बँडने तीन-तीन अल्बम काढले. एकूण संख्या चाळीसच्या वर गेली आहे. वारंवार ऐका म्हणायचे आणि ऐकायला उसंत द्यायची नाही, हे कसे? शिवाय काही गाणी खरोखरच कच्ची राहिली आहेत, हेही मान्य केले पाहिजे.

पण ही विपुलता मागणीतून आलेली नाही. वर्ग सुटल्यावर गाणी रचणाऱ्या त्या शिक्षकाची कोणी वाटच पाहत नव्हते. सुचले की लिहावे, जमले की मुद्रित करावे, ही सवय त्या अनाम वर्षांत जडली आणि कीर्तीनंतरही टिकली. सगळे ऐकून संपवण्याचे बंधन आपल्यावर नाही. एक अल्बम घ्यावा आणि त्याच्यापाशी थांबावे. किती निर्माण केले हा कलावंताचा प्रश्न. किती वेळ थांबलो, एवढाच रसिकाचा.