भर दुपारचा ध्रुवीय प्रकाश

ध्रुवीय प्रकाश बघायला जितकं उत्तरेला जाऊ तितकं बरं, असं आपल्याला वाटतं. पण तसं नाही. हा प्रकाश चुंबकीय ध्रुवाभोवतीच्या कड्यात दिसतो. नॉर्वेतलं ट्रोम्सो रात्री त्या कड्याखाली असतं; स्वालबार्डमधलं लाँगियरब्येन, 78 अंश उत्तरेवर, बऱ्याचदा कड्याच्या आत. मग तिथं का जायचं? सूर्याच्या बाजूला हे कडं ध्रुवाकडे सरकलेलं असतं, म्हणून दुपारी ते लाँगियरब्येनवर येतं. डिसेंबरात तिथं सूर्य उगवतच नाही, त्यामुळे भर दुपारी हा प्रकाश दिसतो!

पाऊस आला तर आपली एक दुपार वाया जाते. रेनडिअरचं मात्र पोट अडकतं. ते खुरांनी बर्फ उकरून खालचा चारा खातात. पाऊस पडून गोठला की जमिनीवर कडक थर बसतो. चारा खाली असतो, पण तोंडात येत नाही. अशा हिवाळ्यात बरीच जनावरं उपाशी मरतात, आणि स्वालबार्डमध्ये हा हिवाळी पाऊस वाढतोय. म्हणून फोटोसाठी त्यांना पळवायचं नाही. पळण्यात जळालेली चरबी हिवाळ्यात भरून निघत नाही. ध्रुवीय अस्वलापासून तर 2025 पासून कायद्यानंच किमान 300 मीटर लांब राहावं लागतं.