रेडिएशन दोन मिनिटांचं, मग रांग दुपारपर्यंत का?

मावशीला रेडिएशनसाठी मी रोज जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला न्यायचो, साठेक किलोमीटर. मशीनखाली जेमतेम दोन-तीन मिनिटं, नंबर मात्र दुपारी. असं का?

कोबाल्ट मशीनमधल्या कोबाल्ट-६० ची ताकद ५.२७ वर्षांत निम्मी होते, म्हणजे महिन्याला साधारण १ टक्का घट. आज ज्या डोसला २ मिनिटं लागतात, त्यालाच सव्वापाच वर्षांनी ४ लागतील. रांग वाढणारच.

पण खरा वेळ खातं ते पेशंटला नेमकं झोपवणं. टेबल, गँट्री, किरणांचा चौकोन, सगळं मिलिमीटरच्या हिशेबात जुळवायचं. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘भाभाट्रॉन’मध्ये हे काम मोटर आणि कॉम्प्युटरच्या मदतीने होतं. पहिलं मशीन २००५ मध्ये खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये बसलं. लाइट गेली तरी बॅटरीवर उपचार चालू राहतो (आपल्याकडे याचं मोल वेगळं सांगायला नको).

मावशीची खोड अशी, की झोपवलं की मान वळवून मला शोधायची. मग टेक्निशियन परत आत, जुळवाजुळव पहिल्यापासून. शेवटी तिला म्हटलं, “डोळे मीट, मी दाराबाहेरच आहे.” तेवढ्यानं रोजची पाच-सात मिनिटं वाचली.