कार्ट-शर्यतींतील गुणांकन
कार्ट-शर्यतींतील गुणांकन : कार्ट या उघड्या, ठेंगण्या, चारचाकी वाहनाच्या हौशी शर्यतींत स्पर्धकाने मिळविलेल्या क्रमांकास ठराविक गुण देऊन हंगामाच्या अखेरीस विजेता ठरविण्याची पद्धती. कार्टला धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगा नसतात. मागील दोन्ही चाके एकाच अखंड आसावर बसविलेली असतात आणि चालकाचे आसन जमिनीपासून जेमतेम काही सेंमी. उंचीवर असते. वाहन स्वस्त, बांधणी सोपी आणि मार्ग लहान, यामुळे घराच्या परसात बांधलेली कार्टही शर्यतीत उतरू शकते. हौशी मंडळांच्या स्पर्धांचे स्वरूप या परसबांधणीतून घडले असून त्यांच्या गुणांकनाचे बरेचसे विशेषही त्यातूनच निर्माण झाले आहेत.

पहिले कार्ट १९५६ मध्ये अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया राज्यात तयार झाले. शर्यतीच्या मोटारगाड्या बांधणाऱ्या कारखान्यातील कारागीर आर्ट इंगल्स याने लू बोरेली या मित्राच्या साहाय्याने ते बांधले. त्यासाठी पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि गवत कापण्याच्या यंत्राचे द्वि-आघाती एंजिन वापरण्यात आले होते. पॅसाडीना येथील रोझ बोल क्रीडागाराच्या वाहनतळावर हौशी मंडळी जमू लागली व पाहता पाहता हा छंद देशभर पसरला. १९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय मोटार-महासंघाने कार्टिंगसाठी स्वतंत्र आयोग नेमला आणि १९६४ मध्ये पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. ती इटलीच्या ग्विदो साला याने जिंकली.

गुणांची गरज का पडते, हे मंडळाच्या व्यवहारावरून कळते. हंगामात सहा ते बारा शर्यतदिन असतात. एखाद्या रविवारी साखळी तुटते, दुसऱ्या रविवारी पाऊस पडतो, तिसऱ्या रविवारी प्रतिस्पर्ध्याच्या धक्क्याने आस वाकतो. एकाच दिवसाच्या निकालावरून श्रेष्ठत्व ठरविणे अशा खेळात अन्यायाचे होईल. म्हणून अनेक दिवसांची बेरीज घेतली जाते. परंतु बेरीज कशाची आणि कोणत्या प्रमाणात घ्यावयाची, हा प्रश्न दिसतो तितका निरुपद्रवी नाही. सारणी बदलली की त्याच निकालांतून वेगळा विजेता निघतो, आणि चालकांनी मार्गावर किती धोका पत्करावा हेही काही अंशी ती सारणीच ठरविते.

शर्यतदिनाचे कामकाज : अमेरिकेतील अनेक मंडळांत सकाळी प्रत्येक चालक पिशवीतून क्रमांकाची गोळी काढतो व त्यावरून पहिल्या प्राथमिक शर्यतीतील उभे राहण्याची जागा ठरते. दुसऱ्या प्राथमिक शर्यतीत हा क्रम उलटा करतात, म्हणजे नशिबाने मागे पडलेल्यास पुढची जागा मिळते. या दोन शर्यतींच्या एकत्रित निकालावरून अंतिम शर्यतीची रांग लागते. प्राथमिक शर्यतींसाठी बहुधा कमी गुण म्हणजे अधिक चांगले, अशी उलटी मोजणी वापरतात. आंतरराष्ट्रीय नियमांत रूढ असलेल्या पद्धतीप्रमाणे पहिल्यास शून्य, दुसऱ्यास दोन, तिसऱ्यास तीन याप्रमाणे दंडगुण मिळतात. बाद ठरलेल्यास एकूण स्पर्धकसंख्येहून एक अधिक गुण लावतात. उदा., बारा कार्टांच्या तीन प्राथमिक शर्यतींत एक चालक पहिला व तिसरा आला आणि तिसऱ्या खेपेस बाद झाला, तर त्याचे ०, ३ व १३ मिळून १६ गुण होतात. तिन्ही वेळा पाचवा आलेला चालक १५ गुणांवर राहून त्याच्या पुढे उभा राहतो. येथे एका विजयापेक्षा एका अपयशाचे वजन कितीतरी जास्त आहे.

फेरे मोजणे हे वरवर क्षुल्लक दिसणारे, पण सर्वांत कठीण काम. इलेक्ट्रॉनीय प्रेषकांचा वापर सुरू होण्यापूर्वी अंतिम रेषेजवळ बसलेला मनुष्य प्रत्येक कार्टाचा क्रमांक रेषा ओलांडताच फेरीपत्रकावर पेन्सिलीने लिहीत असे व लहान मंडळांत आजही असेच चालते. आखूड मार्गावर एक फेरा पुरा व्हायला अर्धा मिनिटही लागत नाही. दहा कार्टे धावत असली, तर दर तीन सेकंदांना सरासरी एक क्रमांक नोंदवावा लागतो. त्यातच पुढचे चालक मागच्यांना एक फेरा पाठीमागे टाकतात आणि रेषेवरील दृश्य क्रम खरा क्रम राहत नाही. नियमाप्रमाणे आधी पूर्ण केलेले फेरे पाहतात व फेरे समान असतील, तरच रेषा ओलांडण्याचा क्रम विचारात घेतात. मध्येच बंद पडलेल्यास त्याच्या फेऱ्यांनुसार क्रमांक द्यावा की चौकडीचा झेंडा न पाहणाऱ्यास मुळीच धरू नये, याबाबत मंडळामंडळांत भिन्न नियम आढळतात. शर्यत संपताच चालकासह कार्टाचे वजन केले जाते. गटाच्या किमान वजनाहून ते थोडे जरी कमी भरले, तरी स्पर्धक बाद ठरतो.

गुणसारणीचे प्रकार : सारण्या मुख्यत्वे दोन घराण्यांच्या. पहिलीत लागोपाठच्या क्रमांकांतील अंतर सारखे असते, उदा., १०, ९, ८, ७ असे उतरत. तिला समांतर सारणी म्हणता येईल. दुसरी वरच्या बाजूस उतरण जास्त असलेली. तिचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे फॉर्म्युला वन स्पर्धेत २०१० पासून चालत आलेली २५, १८, १५, १२, १०, ८, ६, ४, २, १ ही मालिका. दोन्हींतील फरक पाहण्यासाठी सहा शर्यतींचा एक काल्पनिक हंगाम घेऊ. ‘क’ हा चालक चार शर्यती जिंकतो, एकीत सातवा येतो आणि एकीत त्याचे एंजिन बंद पडून शून्य मिळते. ‘ख’ एकही शर्यत जिंकत नाही. तो चार वेळा दुसरा व दोन वेळा तिसरा येतो. समांतर सारणीने ‘क’चे ४४ आणि ‘ख’चे ५२ गुण होऊन ‘ख’ विजेता ठरतो. उतरत्या सारणीने ‘क’ला १०६, तर ‘ख’ला १०२ गुण मिळतात आणि चषक ‘क’च्या हाती जातो. मार्गावर घडलेले काहीही बदललेले नाही.

यांपैकी न्याय्य कोणते, हे गणिताने सांगता येत नाही. मंडळाला काय गौरवावयाचे आहे त्यावर ते अवलंबून आहे. मात्र परिणाम सांगता येतो. समांतर सारणीत दुसऱ्या क्रमांकावरील चालकाला पुढच्यास ओलांडून एकच गुण जास्त मिळणार असतो आणि धडक झाली तर नऊ जाणार असतात. साहजिकच तो हात आखडता घेतो. उतरत्या सारणीत सात गुणांचे आमिष असते, त्यामुळे शेवटच्या वळणावर घुसण्याचा मोह वाढतो. चालकाला पट्ट्याने बांधलेले नसते, डोक्यावर पिंजरा नसतो आणि स्पर्धकांत लहान मुलेही असतात. असा हा खेळ चालविणाऱ्या हौशी मंडळाने व्यावसायिक स्पर्धेची सारणी केवळ ती दूरचित्रवाणीवर दिसते म्हणून उचलावी, हे शहाणपणाचे नाही. सातत्याला मोल देणाऱ्या सारणीची टीकाही अर्थात खोटी नसते. अमेरिकेतील नॅसकार या संघटनेने १९७५ ते २००३ या काळात विजेत्यास १७५, दुसऱ्यास १७० अशी मंद उतार असलेली सारणी वापरली. २००३ मध्ये मॅट केन्सेथ याने फक्त एक शर्यत जिंकून अजिंक्यपद मिळविले, तर आठ शर्यती जिंकणारा रायन न्यूमन सहावा राहिला.

फॉर्म्युला वनमध्ये विजयाचे मोल टप्प्याटप्प्याने वाढत गेले. १९५० मध्ये पहिल्या पाचांस ८, ६, ४, ३, २ आणि सर्वांत जलद फेऱ्यास एक गुण होता. १९६० मध्ये जलद फेऱ्याचा गुण काढून तो सहाव्या क्रमांकास दिला गेला. १९६१ पासून विजेत्यास ९ व १९९१ पासून १० गुण मिळू लागले. जलद फेऱ्याचा गुण २०१९ मध्ये पुन्हा आला व २०२४ च्या हंगामानंतर पुन्हा गेला. असा एक गुण किती महाग पडतो, याचे उदाहरण १९५८ चे आहे. त्या वर्षी माइक हॉथॉर्न याने एकच शर्यत जिंकून ४२ गुण मिळविले आणि चार शर्यती जिंकणारा स्टर्लिंग मॉस ४१ गुणांवर राहिला. पोर्तुगालमधील शर्यतीनंतर हॉथॉर्नवर उलट दिशेने गाडी चालविल्याचा आक्षेप येऊन तो बाद होण्याच्या बेतात असता त्याच्या बाजूने साक्ष देणारा मॉसच होता.

गाळीव निकाल : हौशी चालकाला लग्नकार्य असते, परीक्षा असते, एंजिनदुरुस्तीला पैसे नसतात. म्हणून हंगामातील सर्वांत वाईट एक किंवा दोन निकाल गाळून उरलेल्यांची बेरीज धरण्याची प्रथा आहे. वरील उदाहरणात समांतर सारणी ठेवून एक निकाल गाळला, तर ‘क’चे शून्य जाते आणि ‘ख’चे आठ जातात, दोघेही ४४ वर येतात. बरोबरी झाली असता अधिक विजय मिळविणाऱ्यास पुढे धरण्याचा सार्वत्रिक नियम आहे, त्यानुसार ‘क’ विजेता ठरतो. म्हणजे सारणी न बदलताही चषकाचा धनी बदलला. फॉर्म्युला वनमध्ये १९८८ साली सोळांपैकी उत्तम अकरा निकाल धरावयाचे होते. अलँ प्रोस्त याची एकूण कमाई १०५ गुणांची, आयर्तोन सेना याची ९४ ची. परंतु गाळणीनंतर प्रोस्तचे ८७ व सेनाचे ९० उरले आणि अजिंक्यपद सेनाला मिळाले. १९९१ पासून तेथे सर्व निकाल धरले जाऊ लागले. हौशी मंडळांत मात्र गाळणी टिकून आहे आणि ती टिकावी हे योग्यच, कारण तिच्यामुळे एका तुटलेल्या साखळीपायी कोणी हंगाम सोडून घरी बसत नाही. तिचा गैरफायदा घेता येऊ नये म्हणून नियमभंगामुळे बाद ठरविलेला निकाल गाळता येणार नाही, असे कलम पुष्कळ नियमावल्यांत असते.

बाद ठरविण्याचा परिणाम : एखाद्यास तपासणीत बाद केले की मागचे सर्व एकेक क्रमांक वर सरकतात. समांतर सारणीत प्रत्येकास एकच गुण वाढतो, त्यामुळे शर्यत पूर्ण केलेल्यांमधील आपसातले अंतर तसेच राहते. उतरत्या सारणीत तसे होत नाही. समजा, शेवटच्या शर्यतीचा विजेता कमी वजनामुळे बाद झाला. दुसऱ्याचे १८ चे २५ होतात, म्हणजे सात वाढतात. पाचव्याचे १० चे १२, म्हणजे दोनच. पाचवा आलेला चालक हंगामाच्या बेरजेत तीन गुणांनी पुढे असेल, तर ज्याच्याशी त्याची चुरसच नव्हती अशा तिसऱ्याच माणसाच्या वजनामुळे तो विजेतेपद गमावतो. क्रमांकांना गुण देऊन बेरीज करण्याची कल्पना अठराव्या शतकात फ्रेंच गणितज्ञ झां-शार्ल द बोर्दा याने मतदानासाठी मांडली होती. तिच्यातही असंबद्ध उमेदवारामुळे निकाल उलटण्याचा हाच दोष दाखविला गेला आहे. हंगामातील वर्तनाबद्दल शिक्षा करताना काही वेळा इतरांचे गुण जसेच्या तसे ठेवतात. १९९७ मध्ये मिखाएल शूमाखर यास फॉर्म्युला वनच्या अजिंक्यपद-तक्त्यातून काढले गेले, तेव्हा त्याच्या शर्यतींचे निकाल कायम राहिले व इतरांना वाढीव गुण मिळाले नाहीत.

लहान मंडळांची एक अडचण मोठ्या स्पर्धांना ठाऊकच नसते : एका रविवारी बारा कार्टे येतात, पुढच्या रविवारी चार. चौघांत पहिला येणे आणि बारांत पहिला येणे सारखेच धरावे काय? काही ठिकाणी विजेत्यास उपस्थित कार्टांच्या संख्येइतके गुण देऊन पुढे एकेक कमी करतात; त्यामुळे गर्दीच्या दिवसाला महत्त्व येते, पण पावसाळी दिवशी न चुकता येणाऱ्यावर अन्याय होतो. त्यावर उतारा म्हणून केवळ हजेरीचे गुण ठेवतात. हे गुण फार झाले, तर मंद पण नियमित चालक वेगवानाच्या पुढे जातो. अगदीच नसले, तर हंगामाच्या मध्यावर मार्ग ओस पडतो. दोन अपुरे गट एकत्र धाववून त्यांचे गुण मात्र वेगळे मोजण्याची युक्तीही सर्रास वापरली जाते.

बरोबरी सोडविण्याचे नियम हंगामापूर्वी लेखी असावे लागतात. अधिक विजय, मग अधिक दुसरे क्रमांक, याप्रमाणे उतरत जाणे हा नेहमीचा क्रम आहे; काही नियमावल्यांत शेवटच्या शर्यतीचा निकाल निर्णायक मानतात. १९७९ मध्ये पोर्तुगालमधील एश्तोरील येथे झालेल्या जागतिक कार्ट स्पर्धेत सेना व हॉलंडचा पीटर कूने यांचे गुण सम झाले आणि नियमानुसार विजेतेपद कूनेला मिळाले. सेनाला कार्टचे जागतिक अजिंक्यपद पुढेही कधी लाभले नाही.

भारतात मोटारक्रीडेचे नियमन १९७१ मध्ये स्थापन झालेला भारतीय मोटारक्रीडा मंडळ-महासंघ करतो व राष्ट्रीय कार्ट स्पर्धाही त्याच्याच मान्यतेने होतात. महाराष्ट्रात कोल्हापूर येथील मार्गावर त्या स्पर्धांच्या फेऱ्या झालेल्या आहेत. शहरांच्या कडेला भाड्याने कार्ट देणारे जे मार्ग निघाले आहेत, तेथे मात्र सामान्यतः गुणांकन नसते. दिलेल्या वेळात ज्याचा एक फेरा सर्वांत कमी सेकंदांत पूर्ण होईल, त्याचे नाव फलकावर पहिले लागते; कोण कोणाच्या पुढे गेला, याची नोंद ठेवली जात नाही.