आजीची कॅसेट, जुना लॅपटॉप आणि एक भोक

आजचा प्रश्न: घरातल्या जुन्या कॅसेट आणि एलपी सीडीवर घ्यायच्या, तर त्यासाठी भारीतला कॉम्प्युटर लागतो का?

नाही लागत. कोपऱ्यात धूळ खात पडलेला लॅपटॉपही चालतो. हिशोब बघा. सीडीचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, डावा-उजवा वेगळा. म्हणजे मिनिटाला साधारण १० एमबी, तासाभराची कॅसेट सहाशे-साडेसहाशे एमबी. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर काम करताना याच्या दुप्पट जागा घेतं, तेव्हा कॅसेटमागे दोन जीबी मोकळी ठेवा. प्रोसेसरला तर घामही फुटत नाही. तासाची कॅसेट तासभर वाजणार, तोही तासभर नुसता ऐकत बसणार.

खरी गोम आहे ती आवाज आत कुठून शिरतो यात. माझाच घोळ सांगतो. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, घरीच टेप केलेल्या. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनमधून वायर काढली आणि जुन्या लॅपटॉपच्या माइकच्या भोकात खुपसली. आजी फाटक्या लाउडस्पीकरमधून आल्यासारखी! कारण माइकच्या भोकाला अगदी बारीक सिग्नलची सवय असते. टेपचा तगडा सिग्नल तिथे फाटतो. पुन्हा लावायला गेलो तर रीळ गुंतलं. पेन घालून सोडवलं, पण दहा-बारा सेकंद चुरगळले ते चुरगळलेच. सिनेमाची गाणी यूट्यूबवर मिळतील हो, या ओव्या कुठून आणायच्या? म्हणून घरच्या आवाजांना पहिला नंबर द्या. आणि आधी सरावाला एखादी फालतू कॅसेट लावा.

तर हवं असतं ते लाइन-इन. डेस्कटॉपच्या मागे बहुतेक वेळा निळ्या रंगाचं भोक असतं, तेच. आजकालच्या लॅपटॉपला एकच भोक, त्यात साध्या वायरने आवाज आत जातच नाही. मग यूएसबी साउंड कार्ड घ्या, पण त्यावर लाइन इनपुट आहे ना, हे बघून. नुसतं माइकचं असेल तर पुन्हा तीच रड. गुणगुण ऐकू आली तर चार्जर काढून बघा, पुष्कळदा तिथेच थांबते.

एलपीचं आणखी एक. सुईतून येणारा सिग्नल फारच क्षीण असतो. शिवाय तबकडी कापतानाच खर्ज मुद्दाम दाबलेला आणि वरचे सूर वाढवलेले असतात. ते पूर्ववत करायला फोनो प्रीअॅम्प लागतो. काही टर्नटेबलमध्ये तो आतच असतो. नसेल तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा किरकिरा येतो.

रेकॉर्ड करताना पट्टी लाल होऊ देऊ नका, फाइल वेव्हमध्ये ठेवा. एमपीथ्री फोनसाठी नंतर काढता येते. लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसेल तर बाहेरून लावायचा यूएसबी रायटर मिळतो. लिहिताना ‘ऑडिओ सीडी’च निवडा, डेटा सीडी जुने प्लेअर वाजवतीलच असं नाही. सीडीत ८० मिनिटं मावतात, त्यामुळे नव्वदची कॅसेट असेल तर दोन सीडी, बाजूला एक.

आणि हो, कॅसेट हातात घेतलीच आहे तर तिच्या मागच्या कडेचे दोन प्लॅस्टिकचे तुकडे आधी मोडून टाका. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबायला गेलात तरी ते दाबलं जाणार नाही.