जॉन विल्सन, पण नेमका कोणता?

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, 'विल्सन कॉलेजचे संस्थापक' असा प्रकल्प मुलांना दिलात, तर वहीत चिकटवलेला फोटो एकदा नीट बघा. 'जॉन विल्सन' एवढंच नाव मोबाईलमध्ये टाकलं की एकाच नावाची कितीतरी माणसं समोर येतात. माहिती एकाची आणि फोटो भलत्याचाच, असं सहज होतं.

आपल्याला हवे आहेत ते स्कॉटलंडचे मिशनरी, १८०४ ते १८७५. १८२९ साली ते पत्नी मार्गारेटसह मुंबईत आले, मराठी शिकले आणि १८३२ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या शाळेतून पुढे कॉलेज उभं राहिलं. मार्गारेटबाईंनी मुलींच्या शाळा काढल्या, पण १८३५ मध्येच त्या वारल्या. त्यांच्याबद्दल प्रकल्पात सहसा एक ओळही नसते. खरं तर तिथे एक पानभर मजकूर हवा.

दुसरे जॉन विल्सन गणितातले, १७४१ ते १७९३. केंब्रिजला शिकले, पुढे न्यायाधीश झाले. त्यांच्या नावाचा सिद्धांत सातवी-आठवीच्या मुलांना करून बघता येतो. ७ ही मूळ संख्या घ्या. तिच्या आधीच्या संख्यांचा, म्हणजे १ ते ६ चा गुणाकार ७२०. त्यात १ मिळवा. ७२१ ला ७ ने बरोबर भाग जातो, १०३ वेळा. आता ६ घ्या. १ ते ५ चा गुणाकार १२०, अधिक १ म्हणजे १२१. त्याला ६ ने भाग जात नाही, कारण ६ मूळ संख्या नाही! गंमत म्हणजे विल्सन यांनी याची सिद्धता दिलीच नव्हती. ती दिली लाग्रांज यांनी. नाव मात्र विल्सन यांचं राहिलं.

तिसरे कॅनडाचे भूशास्त्रज्ञ, १९०८ ते १९९३. हवाईसारखी बेटं भूकवचाखालच्या एका 'तप्तबिंदू'मुळे तयार होतात, ही कल्पना त्यांनी १९६३ मध्ये मांडली. आपल्या सह्याद्रीतला काळा दगडही अशाच एका तप्तबिंदूशी, रियुनियन बेटाखालच्या, जोडला जातो. म्हणजे भूगोलाच्या तासालाही एक विल्सन आहेतच.

असं का होतं? विल्सन म्हणजे विलचा, म्हणजेच विल्यमचा मुलगा. विल नावाची माणसं गावोगाव होती, त्यामुळे एकमेकांशी काडीचं नातं नसलेल्या घरांचंही आडनाव तेच पडलं. आणि जॉन तर बायबलमधलं, घरोघरी ठेवलं जाणारं नाव. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं, त्यामुळे दोन संजय पाटील निदान कागदावर तरी वेगळे होतात. इंग्रजीत तसा नियम नाही. या भूशास्त्रज्ञांचे वडीलही जॉन विल्सनच! मुलाचं मधलं नाव 'टुझो' हे आईच्या माहेरचं. आई हेन्रिएटा टुझो गिर्यारोहक होत्या आणि कॅनडात त्यांच्या नावाचा डोंगर आहे.

म्हणून प्रकल्प देताना नावासोबत तीन गोष्टी लिहायला सांगा: जन्म-मृत्यूची वर्षं, गाव किंवा देश, आणि काम. यातल्या दोन जरी फोटोखालच्या माहितीशी जुळल्या नाहीत, तर तो फोटो चिकटवायचा नाही.

सरावासाठी आणखी एक नाव देतो. चौपाटीसमोरची विल्सन कॉलेजची इमारत १८८९ ची. तिचे वास्तुरचनाकार जॉन ॲडम्स. मुलांना हे नाव शोधायला लावा. सगळ्यात आधी अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष समोर येतील!