फौज नसलेल्या देशाची सौदेबाजी

५ सप्टेंबर १९७२. आइसलँडजवळच्या समुद्रात 'एगिर' या तटरक्षक बोटीला एक ट्रॉलर मासेमारी करताना दिसला. नाव आणि नंबर दोन्ही झाकलेले. ओळख विचारली, तर रेडिओवरून 'रूल ब्रिटानिया' वाजू लागलं. एगिरचे कप्तान गुडमुंडुर क्यार्नेस्टेड यांनी गोळी झाडली नाही. त्यांनी धारदार पात्यांचा एक आकडा बोटीमागे पाण्यात सोडला आणि ट्रॉलरच्या मागून आडवी बोट नेली. जाळ्याचे तारदोर तुटले आणि महागडं जाळं मासळीसकट तळाशी गेलं.

पुढची चार वर्षं आइसलँडने याच आकड्याच्या जोरावर ब्रिटनला जेरीस आणलं. तेव्हा आइसलँडची लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या आत-बाहेर, म्हणजे महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्याएवढी होती. फौज नव्हतीच, आजही नाही. निर्यातीचा मोठा हिस्सा मासळीचा आणि त्यात कॉड सगळ्यात मोलाचा. हल आणि ग्रिम्सबी या ब्रिटिश बंदरांचे ट्रॉलर तो पिढ्यान्‌पिढ्या नेत आले होते.

आइसलँडने आपली मासेमारीची हद्द टप्प्याटप्प्याने वाढवली: १९५२ मध्ये ४ सागरी मैल, १९५८ मध्ये १२, १९७२ मध्ये ५० आणि १९७५ मध्ये थेट २००. शेवटच्या तीन वेळी ब्रिटनने आपल्या ट्रॉलरच्या संरक्षणासाठी युद्धनौका पाठवल्या आणि तिन्ही वेळा शेवटी ब्रिटनच मागे सरला. वर्तमानपत्रांनी या प्रकरणाला 'कॉड युद्ध' असं नाव दिलं. जहाजं एकमेकांवर आदळली, गोळेही सुटले, पण माणूस गेला तो एकच. टकरीनंतर वेल्डिंग करताना एका आइसलँडिक इंजिनिअरला विजेचा धक्का बसला.

चिमुकल्याने राक्षसाला लोळवल्याची कथा म्हणून हे सांगायला छान वाटतं. पण नौदलाच्या तोफांचा ब्रिटनला काही उपयोग का झाला नाही, याचं उत्तर केफ्लाविकमध्ये आहे.

आइसलँड १९४९ मध्ये नाटोचा संस्थापक सदस्य झाला आणि १९५१ च्या करारानुसार केफ्लाविकला अमेरिकी तळ आला. सोव्हिएत पाणबुड्यांना उत्तरेकडून अटलांटिकमध्ये उतरायचं, तर ग्रीनलंड, आइसलँड आणि ब्रिटन यांच्यामधल्या समुद्रातूनच यावं लागे. त्यांच्यावर नजर ठेवायला केफ्लाविकसारखी दुसरी जागा नव्हती. हे वॉशिंग्टनला ठाऊक होतं, आणि वॉशिंग्टनला ते ठाऊक आहे हे आइसलँडच्या राजधानीला, रेक्याविकला, त्याहून चांगलं ठाऊक होतं.

या सौदेबाजीची चुणूक आधीच दिसली होती. १९५२ मध्ये हद्द वाढल्यावर ब्रिटिश बंदरांनी आइसलँडची मासळी उतरवून घेणं बंद केलं. तेवढ्यात मॉस्कोने ती विकत घ्यायची तयारी दाखवली आणि १९५३ मध्ये करारही झाला. नाटोचा सदस्य सोव्हिएत गिऱ्हाइकावर जगतोय, हे पाश्चिमात्यांच्या पचनी पडणारं नव्हतं. पुढे प्रत्येक भांडणात केफ्लाविकचा तळ आणि नाटोचं सदस्यत्व यांचा प्रश्न रेक्याविकमध्ये निघतच राहिला. सरकारं ते किती गांभीर्याने बोलत होती, यावर वाद घालता येईल. समोरच्याला शंका वाटणं पुरेसं होतं.

कायद्याची बाजू मात्र आइसलँडकडे नव्हती. ब्रिटन आणि पश्चिम जर्मनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. आइसलँड तिथे हजरच राहिला नाही आणि १९७४ चा निकाल त्याच्या विरोधात गेला. त्याने तो मनावर घेतला नाही. १९ फेब्रुवारी १९७६ रोजी त्याने ब्रिटनशी राजनैतिक संबंधच तोडले. नाटोच्या एका सदस्याने दुसऱ्याशी असं करण्याची ही पहिलीच वेळ. नाटोचे सरचिटणीस जोसेफ लुन्स यांनी मध्यस्थी केली होतीच. अखेर १ जूनला ऑस्लोमध्ये समझोता झाला: सहा महिन्यांसाठी २४ ब्रिटिश ट्रॉलर, त्यानंतर काही नाही. हल, ग्रिम्सबी आणि फ्लीटवुडमधल्या हजारो कामगारांच्या पोटावर पाय आला. या विजयाच्या गोष्टीत त्यांचं नाव क्वचितच येतं.

२०० मैलांची कल्पना आइसलँडची एकट्याची नव्हती. दक्षिण अमेरिकेतल्या देशांनी ती आधीच मांडली होती. १९७६ मध्ये भारतानेही तसा कायदा केला, म्हणून कोकणापुढच्या समुद्रातली मासळीही आज आपल्या हक्काची आहे. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात हा नियम जगासाठी पक्का झाला.

ही सौदेबाजी समोरच्याच्या गरजेवर चालते. गरज संपली की काय होतं, तेही आइसलँडने पाहिलं. शीतयुद्ध संपलं आणि २००६ मध्ये अमेरिकनांनी केफ्लाविकमधून गाशा गुंडाळला. दोनच वर्षांत देशाच्या बड्या बँका कोसळल्या. त्यांतल्या लांड्सबँकीच्या 'आइससेव्ह' खात्यांत ब्रिटिश आणि डच ठेवीदारांचे पैसे अडकले, तेव्हा लंडनने २००१ चा दहशतवादविरोधी कायदा वापरून बँकेची मालमत्ता गोठवली. दहशतवादविरोधी कायदा, तोही नाटोच्या मित्रावर! रेक्याविकने रशियाकडे कर्ज मागितल्याचं जाहीर केलं. जुना डाव, पण या वेळी कुणी दचकलं नाही आणि कर्जही मिळालं नाही.

मग लढाई कागदावर गेली. ठेवींची भरपाई सरकारी खजिन्यातून करण्याचे करार जनतेने २०१० आणि २०११ च्या सार्वमतांत फेटाळले. लंडन आणि डच सरकार चिडले आणि प्रकरण एफ्टा (युरोपीय मुक्त व्यापार संघटना) न्यायालयात पोचलं. हेगच्या न्यायालयाकडे कधीकाळी पाठ फिरवणारा देश इथे वकिलांची फौज घेऊन उभा राहिला आणि २८ जानेवारी २०१३ रोजी जिंकला. ठेवींचे पैसे अखेर लांड्सबँकीची मालमत्ता विकूनच फेडले गेले. तोवर समुद्रात नवं भांडण सुरूही झालं होतं. आपल्या बांगड्याचा भाऊबंद असलेला मॅकरेल उत्तरेला सरकून आइसलँडच्या पाण्यात आला होता. आइसलँडने स्वतःचा कोटा स्वतःच ठरवून टाकला आणि स्कॉटलंडचे मच्छीमार ब्रसेल्सकडे निर्बंधांची मागणी करू लागले.