पायाखालचा सुरुंग, हातातली बॅटरी

रेवदंड्याच्या कोटात गेली वीस-बावीस वर्षे मी मोजपट्टी घेऊन हिंडतो आहे. मला कुणी नेमलेले नाही आणि माझी पदवीही वाणिज्य शाखेची. तटाची लांबी, बुरुजांचे कोन, पडक्या चर्चच्या कमानी मोजायच्या आणि वहीत उतरवून ठेवायच्या, एवढाच उद्योग. नारळी-पोफळीच्या वाड्यांनी हा कोट इतका झाकला आहे की त्याचा पूर्ण आकार जमिनीवरून कधी नजरेत मावत नाही. सातखणी मनोऱ्यापाशी उभे राहिले तरी चहूकडे दिसतात त्या झावळ्याच. त्यामुळे भाच्याने ड्रोन घेतला तेव्हा सर्वांत जास्त आनंद मला झाला.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी रेवदंड्याला कोट उभारला आणि दीवलाही. दोन्ही ठिकाणची बांधणी ताडून पाहावी, असे बरेच दिवस मनात होते. मुंबईहून दीवला जाणाऱ्या छोट्या, पंख्याच्या विमानाची तिकिटे काढली. ड्रोन उडवण्याच्या परवानग्या हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे सांगायचे आहे ते फक्त त्याच्या बॅटऱ्यांबद्दल.

सुरक्षा तपासणी सुरळीत पार पडली. विमानाच्या शिडीपाशी मात्र कर्मचारी मुलीने माझी पिशवी मागितली. छोट्या विमानात डोक्यावरचे कप्पे अरुंद असतात, त्यामुळे जरा मोठी हातपिशवी दिसली की ती तिथेच घेऊन विमानाच्या पोटात ठेवतात. तिने विचारले, "सर, यात बॅटरी, पॉवर बँक असं काही आहे का?"

मी म्हणालो, "नाही."

का म्हणालो? मागे रांग होती, ऊन होते, आणि "आहे" म्हटले तर बॅटऱ्या काढून घेतील, अशी भीती होती. तेवढ्यात मागून भाचा म्हणाला, "मामा, आहेत ना! दोन तुमच्याच पिशवीत ठेवल्यात." मला वाटले, आता पंचाईत. पण ती मुलगी शांतपणे म्हणाली, "त्या काढून तुमच्याजवळ ठेवा, सर. पिशवी खाली जाईल, बॅटऱ्या नाही."

म्हणजे धोक्याची वस्तू म्हणून काढून घेणे दूरच, ती माझ्या मांडीवरच ठेवायला सांगत होती. हा उलटा न्याय कसा, या प्रश्नाने मला पुढे काही महिने वाचायला लावले. त्या वाचनातून कळले ते असे.

आकड्याचा हिशेब

बॅटरीचा धोका विमान कंपन्या 'वॉट-तास' या मापात मोजतात. बॅटरीत एकूण किती ऊर्जा भरली आहे, ते या मापाने कळते. पुष्कळदा हा आकडा बॅटरीवर छापलेला असतो. नसला तर गुणाकार सोपा आहे. व्होल्टेजला अँपिअर-तासांनी गुणायचे. मिलीअँपिअर-तास दिले असतील तर आधी हजाराने भागायचे.

आमच्या बॅटरीवर १५.४ व्होल्ट आणि ५००० मिलीअँपिअर-तास असे लिहिले होते. १५.४ गुणिले ५, म्हणजे ७७ वॉट-तास. अडीचशे ग्रॅमच्या आतल्या छोट्या ड्रोनची ७.७ व्होल्ट, २२५० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी जेमतेम १७ वॉट-तासांची भरते. याउलट शेतात फवारणी करणाऱ्या ड्रोनची २२.२ व्होल्ट, २२००० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी ४८८ वॉट-तासांपर्यंत जाते.

आंतरराष्ट्रीय नियमांत दोन उंबरठे आहेत : १०० आणि १६०. शंभरपर्यंतच्या बॅटऱ्या प्रवाशाला वेगळ्या मंजुरीशिवाय नेता येतात. १०० ते १६० मधल्या सुट्या बॅटऱ्या जास्तीत जास्त दोन, त्याही विमान कंपनीच्या पूर्वमंजुरीने. १६० च्या वरची बॅटरी प्रवाशाने सामानात न्यायचीच नाही. म्हणजे फवारणीच्या ड्रोनची बॅटरी घेऊन आपल्याला विमानात चढता येणार नाही. आणि सर्व सुट्या बॅटऱ्यांना लागू असलेला नियम एकच : त्या हातसामानातच हव्यात, खाली जाणाऱ्या बॅगेत कधीही नाहीत. पॉवर बँकही सुटी बॅटरीच मानली जाते. कंपनीगणिक बारीकसारीक अटी बदलतात, बॅटऱ्यांच्या संख्येवरही मर्यादा असते, तेव्हा तिकीट काढतानाच त्या वाचलेल्या बऱ्या. ड्रोनचे धड बॅटरी काढून खाली जाणाऱ्या बॅगेत ठेवता येते.

पाकिटाच्या आत

लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली ती १९९१ साली, सोनी कंपनीने आणली. तिच्या पायाभूत संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. कमी वजनात भरपूर ऊर्जा हा तिचा गुण, आणि तिची भीती वाटते तीही त्यामुळेच.

आत धन आणि ऋण अशा दोन पट्ट्या असतात. त्यांच्यामध्ये केसाहून बारीक जाडीचा प्लास्टिकचा सच्छिद्र पडदा असतो आणि हे सगळे ज्वालाग्राही द्रावात भिजलेले असते. बॅटरी आपटली, चेपली, जास्त तापली किंवा घडणीतच दोष राहिला, तर पडदा फाटतो. पट्ट्या एकमेकींना भिडतात, उष्णता निर्माण होते, उष्णतेने पडदा आणखी वितळतो, आणि आतली रसायने फुटून आणखी उष्णता देतात. इंग्रजीत याला 'थर्मल रनअवे' म्हणतात. आपण बेलगाम उष्णता म्हणू. एक घट पेटला की शेजारचा तापतो आणि तोही त्याच वाटेने जातो. ड्रोनच्या बॅटरीत असे दोन-चार किंवा अधिक घट एकाला एक लागूनच बसवलेले असतात.

विमानाच्या पोटात आग विझवायला हॅलॉन वायू असतो. तो ज्वाळा दाबतो, पण बॅटरीच्या आत सुरू झालेली उष्णतेची साखळी तोडू शकत नाही. तिला थंडच करावे लागते. अमेरिकेच्या विमान प्रशासनाने २०१७ मध्ये सामानाच्या बॅगेत लॅपटॉपची बॅटरी मुद्दाम तापवून पाहिली. शेजारी कोरड्या शाम्पूचा फवाऱ्याचा डबा ठेवला होता. चाळीस सेकंदांच्या आत स्फोट झाला.

केबिनमध्ये मात्र माणसे असतात. धूर दिसतो, वास येतो, कुणीतरी ओरडते. कर्मचारी आधी हॅलॉनने ज्वाळा दाबतात आणि मग पाणी ओतत राहून बॅटरी थंड करतात. विमानाच्या पोटात उड्डाणादरम्यान कुणाचा हात पोचत नाही. शिडीवरच्या त्या मुलीच्या बोलण्याचा अर्थ हा होता : आग लागायचीच असेल तर ती माणसाच्या डोळ्यांसमोर लागावी.

दोन अपघात

हा नियम अनुभवातून घट्ट होत गेला. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या यूपीएस कंपनीच्या मालवाहू बोइंग ७४७ विमानाच्या मालकक्षात आग लागली. मालात लिथियम बॅटऱ्या मोठ्या संख्येने होत्या. वैमानिकांच्या कक्षात इतका धूर भरला की समोरची उपकरणे दिसेनात. परतीच्या प्रयत्नात विमान कोसळले आणि दोन्ही वैमानिक गेले. पुढे १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून पाठवण्यावर जगभर बंदी आली.

दुसरी घटना २८ जानेवारी २०२५ ची, दक्षिण कोरियातल्या बुसानची. एअर बुसानचे विमान उड्डाणाच्या तयारीत जमिनीवरच उभे असताना डोक्यावरच्या कप्प्यातून आग निघाली. आतली सर्व १७६ माणसे वाचली, विमान मात्र जळाले. प्राथमिक चौकशीत पॉवर बँककडे बोट गेले. ती हातसामानात होती, म्हणजे नियम पाळला गेला होता; पण बंद कप्प्यात, नजरेआड होती. १ मार्च २०२५ पासून कोरियाने पॉवर बँक कप्प्यात ठेवायला मनाई केली : ती अंगावर हवी, नाहीतर हाताशी.

निघण्यापूर्वी

आमच्या किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. खाऱ्या हवेने बॅटरीच्या टोकांवर पुटे चढतात, पुळणीवर ठेवली तर खाचांत रेती शिरते. म्हणून आदल्या दिवशी बॅटऱ्या कोरड्या कापडाने पुसून उजेडात नीट पाहाव्यात. फुगलेली, चेपलेली, पाण्यात पडलेली बॅटरी प्रवासात न्यायचीच नाही. फुगणे म्हणजे आत वायू साठला आहे. ती टोचून वायू काढायचा उद्योग करू नये आणि ती घरच्या कचऱ्यातही टाकू नये. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावी.

चांगल्या बॅटऱ्या पूर्ण भरून नेऊ नयेत. चार्ज कमी असेल तितका भडका कमी. मालवाहू विमानातून जाणाऱ्या सुट्या बॅटऱ्यांना तर ३० टक्क्यांची मर्यादाच आहे. प्रत्येक बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी आणि ती वेगळ्या पिशवीत ठेवावी. किल्ल्या, नाणी, केसांच्या पिना यांच्याबरोबर ती नको, कारण धातूचा एवढासा तुकडाही दोन टोके जोडू शकतो. सगळ्या बॅटऱ्या अशा एका छोट्या पिशवीत असाव्यात, की मोठी पिशवी शिडीपाशी मागितली तर क्षणात हाती याव्यात. आणि प्रवासात एखादी तापलेली वाटली, धूर दिसला, तर ती पांघरुणाखाली लपवू नये, उचलूही नये. लगेच कर्मचाऱ्यांना हाक मारावी.

दीवचा बुरूज

दीवला पोचल्यावर सेंट जॉनच्या बुरुजाची बाजू पाहायला गेलो. १५४६ च्या वेढ्यात गुजरातच्या सुलतानाच्या फौजेने या बुरुजाखाली सुरुंग खणला. शत्रू एकाएकी मागे हटलेला पाहून किल्लेदाराला शंका आली होती, असे पोर्तुगीज बखरकार सांगतात. पण मागे सरणे भ्याडपणाचे दिसेल म्हणून माणसे जागेवरच राहिली. स्फोटात ती गेली. गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याचा तरुण मुलगा फेर्नांदो त्यांत होता.

ही कथा मी रेवदंड्यात बसून अनेकदा वाचली होती आणि दर वेळी त्या माणसांच्या हट्टाचे नवल केले होते. त्या दिवशी मात्र मला शिडीवरचा माझा "नाही" आठवला. क्ष-किरण यंत्राला बॅटरी दिसते, पण शिडीपाशी यंत्र नसते. तिथे सगळी व्यवस्था एका प्रश्नावर आणि प्रवाशाच्या खऱ्या उत्तरावर चालते. भाचा बोलला नसता तर आमच्या दोन बॅटऱ्या सगळ्यांच्या पायाखाली, कुणाला न दिसता दीवपर्यंत गेल्या असत्या. बहुधा काहीच झाले नसते. पण त्या विमानातल्या कुणालाही न विचारता मी ती 'बहुधा' त्यांच्या वतीने परस्पर स्वीकारली होती.

परतीच्या प्रवासात शिडीपाशी कुणी विचारण्याआधीच मी बॅटऱ्यांची पिशवी काढून हातात धरली. तिथल्या मुलाने तिच्याकडे पाहिले आणि नुसती मान हलवली.